प्रवेशानंतरचं काय?
उच्च शिक्षणातल्या मुलींच्या अनुभवावरील संशोधन: एक आढावा

मुलींच्या उच्च शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बराच काळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: किती मुली महाविद्यालयापर्यंत पोचतात? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत दहा विद्यार्थ्यांमध्ये जेमतेम एक मुलगी असे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशातल्या 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 2.07 कोटी मुली होत्या. म्हणजे पहिला प्रश्न बराचसा सुटत आला आहे. पण प्रवेश मिळाल्यानंतर मुलीला तिथे काय अनुभव येतो, कोणता विषय तिच्या वाट्याला येतो, ती कशी येते-जाते, कुठे राहते, वर्गात तिचं किती ऐकलं जातं आणि पदवी हातात पडल्यावर पुढे काय होतं, या प्रश्नांवरचं संशोधन अजून विखुरलेलं आहे. त्या संशोधनाने आतापर्यंत काय सांगितलं, अभ्यासकांत मतभेद कुठे आहेत आणि काय शोधायचं राहिलं आहे, याची ही मांडणी.

पार्श्वभूमी

पहिल्या पिढीच्या अनुभवांची नोंद महाराष्ट्रातच सापडते. कॉर्नेलिया सोराबजी 1880 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. वर्गातले मुलगे आपल्याला आत येऊ देत नसत, दार तोंडावर आपटत, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं. परीक्षेत अव्वल येऊनही, इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती केवळ त्या स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारली गेली. प्रवेश मिळणं आणि बरोबरीची वागणूक मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या आधीच दिसून आलं होतं.

मुलींनी काय शिकावं हा वादही त्याच काळातला. 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागा शाळा निघाली, तेव्हा मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम द्यावा की गृहजीवनाला उपयोगी पडेल असा वेगळा, यावर पुण्याच्या वृत्तपत्रांत कडाक्याची चर्चा झाली आणि टिळकांच्या पत्रांनी त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन बेतलेले विषय हा मार्ग निवडला. त्यामुळे एरवी घराबाहेर पडू न शकणाऱ्या अनेकींना शिकता आलं. वेगळ्या अभ्यासक्रमामुळे त्यांच्या वाटा मर्यादित झाल्या का, हा प्रश्न मात्र तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

संशोधनाची संघटित सुरुवात 1974 पासून धरता येते. त्या वर्षी भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल आला. फुलरेणू गुहा समितीच्या अध्यक्षा होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. शिक्षणाचा विस्तार होऊनही स्त्रियांची परिस्थिती अपेक्षेप्रमाणे सुधारलेली नाही, हा त्या अहवालाचा निष्कर्ष अभ्यासकांना हादरवणारा होता. त्याच वर्षी नीरा देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. 1981 मध्ये तिथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्त्री-अभ्यास केंद्रांना अर्थसाहाय्य देण्यास सुरुवात केली. पुणे विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्र याच लाटेतून उभं राहिलं.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

सरकारी सर्वेक्षणानुसार 2017-18 पासून मुलींचं सकल नोंदणी गुणोत्तर मुलांपेक्षा किंचित जास्त आहे. 2021-22 मध्ये ते मुलींसाठी 28.5 आणि मुलांसाठी 28.3 होतं. यावरून मुली आता पुढे गेल्या आहेत असा अर्थ अनेकदा काढला जातो. पण त्याच वर्षी एकूण विद्यार्थ्यांत मुलींचा वाटा 48 टक्क्यांच्या आसपास होता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतात, कारण गुणोत्तर 18 ते 23 या वयोगटातल्या मुलींच्या संख्येवर काढलं जातं आणि जन्माच्या वेळच्या विषम प्रमाणामुळे त्या वयोगटात मुलीच कमी आहेत. शिवाय लोकसंख्येचा अंदाज 2011 च्या जनगणनेवर बेतलेला असल्याने दशांशातल्या फरकावरून मोठे निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

विद्याशाखानिहाय पाहिलं तर चित्र आणखी बदलतं. विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत 2021-22 मध्ये सुमारे 57 लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. अभियांत्रिकीत त्यांचा वाटा तीस टक्क्यांच्या आत राहतो. नर्सिंग आणि शिक्षणशास्त्रात त्या मोठ्या बहुमतात आहेत. पीएच.डी. करणाऱ्या सुमारे 2.12 लाख विद्यार्थ्यांत जवळपास 99 हजार स्त्रिया होत्या. अध्यापकांत मात्र स्त्रियांचं प्रमाण सुमारे 43 टक्के आहे.

हे सर्वेक्षण दरवर्षी नोंदणी मोजतं. एका विशिष्ट मुलीने प्रवेश घेतला, दुसऱ्या वर्षी लग्न झालं, तिसऱ्या वर्षी परीक्षा दिली की नाही, हे त्यातून कळत नाही.

विषयनिवड कोणाची?

विषयनिवडीच्या प्रश्नावर सर्वांत सातत्याने काम केलं ते समाजशास्त्रज्ञ करुणा चानना यांनी. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या त्यांच्या अनेक वर्षांच्या लेखनाचं सूत्र असं: मुलीची विषयनिवड ही एकट्या मुलीची आवड समजून वाचता येत नाही. शिक्षणावर होणारा खर्च, लग्नाचं वय, जास्त शिकलेल्या मुलीला तितकाच शिकलेला मुलगा शोधावा लागण्याची धास्ती, कॉलेज गावात आहे की परगावी, अशा अनेक हिशेबांतून ती निवड ठरते. 2007 मधल्या एका लेखात त्यांनी जागतिकीकरणानंतरचे बदल तपासले. मुली मोठ्या संख्येने कला शाखेबाहेर, व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळत असल्याचं त्यांनी दाखवलं. त्याच वेळी खासगी संस्थांच्या शुल्कामुळे हा मार्ग कोणत्या घरातल्या मुलीला परवडतो, हा प्रश्नही त्यांनी पुढे आणला.

कॅरोल मुखोपाध्याय आणि सुझन सेमूर यांनी 1994 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने या चर्चेला एक वेगळी चौकट दिली. अमेरिकेत विज्ञान शाखेत मुली कमी का, यावरचा वाद बराचसा गणितातल्या कुवतीभोवती फिरत होता. भारतात मुलींच्या बुद्धीविषयी तशी शंका फारशी घेतली जात नाही. इथला अडसर मुलाच्या घराण्याभोवती रचलेल्या कुटुंबव्यवस्थेत आहे, असं या अभ्यासकांनी मांडलं. मुलगी पुढे सासरी जाणार, म्हणून तिच्यावर किती खर्च करायचा आणि तिला किती मोकळीक द्यायची, हे त्याच हिशेबाने ठरतं. नम्रता गुप्ता यांनी आयआयटीतल्या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनींचा अभ्यास करून याला पुढची जोड दिली. प्रयोगशाळेतल्या अनौपचारिक गप्पा, रात्री उशिरापर्यंतचं काम आणि मार्गदर्शकाशी सहज होणारा संवाद यांपासून स्त्रिया बाहेर राहतात आणि त्याचा परिणाम संशोधनावर होतो, हे त्यांच्या अभ्यासातून दिसलं.

या मांडणीवर आक्षेपही आहेत. कुटुंबावर इतका भर दिला की मुलगी फक्त इतरांनी ठरवलेली वाट चालणारी दिसते, तिची स्वतःची महत्त्वाकांक्षा आणि वाटाघाट दिसत नाही, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. बी.एड. किंवा नर्सिंग निवडणारी मुलगी परंपरेला शरण गेली असं समजण्याऐवजी, खात्रीच्या नोकरीचा तिने केलेला व्यवहारी विचार म्हणून त्या निवडीकडे पाहायला हवं, असा हा युक्तिवाद आहे. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. निवड करताना मुली स्वतः काय सांगतात आणि त्यांचे पालक काय सांगतात, हे एकत्र तपासणारे अभ्यास मात्र कमी आहेत.

आयआयटीतल्या अधिसंख्य जागा

धोरणाने थेट हस्तक्षेप केला तो आयआयटींमध्ये. तिथल्या बी.टेक.मध्ये मुलींचं प्रमाण वर्षानुवर्षं दहा टक्क्यांच्या आत होतं. आयआयटी मंडीचे तेव्हाचे संचालक टिमोथी गोन्साल्विस यांच्या समितीच्या शिफारशीनंतर 2018 पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे मूळ जागांत कपात न करता वाढवलेल्या, जागा ठेवल्या गेल्या. पहिल्या वर्षी लक्ष्य 14 टक्के होतं, 2019 मध्ये 17 आणि 2020 मध्ये 20 टक्के.

पाठिंबा देणाऱ्यांचं म्हणणं असं की प्रवेश परीक्षेच्या तयारीचाच मार्ग मुलींसाठी अरुंद आहे. कोटा किंवा लातूरसारख्या खासगी शिकवण्यांच्या शहरांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एकट्याने ठेवायला घर तयार होतं, मुलीला ठेवताना दहा वेळा विचार होतो. म्हणून गुणवत्ता यादीतला फरक हा संधीतला फरक आहे, असं ते मानतात. विरोधकांची शंका वेगळी आहे. अशा जागांमुळे सगळ्याच विद्यार्थिनींच्या गुणवत्तेवर संशय घेतला जाईल, ज्यांना या जागेची गरजच नव्हती त्यांच्यावरही, अशी भीती त्यांना वाटते. तिसरं मत असं की वीस टक्के ही पायरी चढल्यावर पुढे काय, याचा आराखडा नाही. या तिन्ही मतांची पारख करण्यासाठी, अशा जागांवरून आलेल्या मुलींना वर्गात, प्रकल्पगटात आणि नोकरीच्या मुलाखतीत काय अनुभव आला याचा दीर्घकाळ अभ्यास व्हायला हवा.

रस्ता, बस आणि वसतिगृह

मुलीच्या शैक्षणिक निवडीवर प्रवासाचा किती परिणाम होतो, हे अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांच्या दिल्ली विद्यापीठावरील अभ्यासाने ठोसपणे दाखवलं. चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती, महाविद्यालयांचे दर्जाक्रम आणि प्रवासमार्गांवरच्या छेडछाडीच्या नोंदी त्यांनी एकत्र जुळवल्या. सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली बरंच खालच्या दर्जाचं महाविद्यालय स्वीकारतात आणि प्रवासावर वर्षाला मुलांपेक्षा हजारो रुपये जास्त खर्च करायला तयार असतात, असा निष्कर्ष निघाला. गुण असूनही मुलगी चांगलं महाविद्यालय सोडते, तेव्हा नोंदणीच्या आकड्यात ते नुकसान दिसत नाही. राज्य सरकारांनी आता बसप्रवासाकडे लक्ष दिलं आहे. दिल्लीत 2019 पासून आणि कर्नाटकात 2023 पासून स्त्रियांना ठरावीक बसमध्ये मोफत प्रवास आहे, महाराष्ट्रात मार्च 2023 पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. अशा सवलतींनी महाविद्यालयाची निवड बदलली का, याचं मोजमाप पुढचं काम आहे.

वसतिगृहांच्या वेळांवरचा वाद जास्त तीव्र आहे. 2015 मध्ये दिल्लीत विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने चळवळ सुरू केली. मुलांना रात्री उशिरापर्यंत ग्रंथालयात बसता येतं आणि मुलींना संध्याकाळी परतावं लागतं, हा शिक्षणाच्या संधीतलाच भेद आहे, अशी त्यांची भूमिका होती. 2017 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात छेडछाडीच्या एका तक्रारीनंतर विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही सुरक्षिततेच्या नावाखाली फक्त मुलींवर येणारी बंधनं हा मुद्दा पुढे आला. 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूरच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या अशा बंधनांविरुद्ध निकाल दिला.

या वादात तीन भूमिका आहेत. पहिली पालकांची आणि अनेक प्राचार्यांची. ग्रामीण किंवा पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातली मुलगी शहरात पाठवली जाते, ती ‘हॉस्टेलला शिस्त आहे’ या भरवशावर. वेळ सैल केली तर काही मुलींचं शिक्षणच थांबेल, ही त्यांची भीती पोकळ नाही. दुसरी भूमिका समान नियमांची: बंधन असेल तर मुलामुलींना सारखं, नाहीतर कोणालाच नाही. तिसरी भूमिका शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या मुंबईवरील संशोधनातून आली. स्त्रियांना सुरक्षितता हवीच, पण त्याबरोबर शहरात वावरण्याचा आणि थोडी जोखीम पत्करण्याचा हक्कही हवा, अशी त्यांची मांडणी ‘व्हाय लॉइटर?’ या 2011 च्या पुस्तकात आहे. पालकांची भीती आणि मुलींचा हक्क या दोहोंची दखल घेणारी व्यवस्था कशी असावी, म्हणजे रात्रीची बस, उजेड असलेला रस्ता, रात्री उघडं ग्रंथालय, सज्ञान मुलीची स्वतःची संमती, यावर प्रयोग करून पाहणारं संशोधन जवळजवळ नाही.

तक्रार कुठे करायची?

सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर काही विद्यापीठांनी लैंगिक छळाविरुद्ध यंत्रणा उभ्या केल्या. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या कृतिगटाने 2013 मध्ये ‘सक्षम’ अहवाल दिला. सुरक्षेसाठी पहारा वाढवणं हा उपाय नसून मुलींचं स्वातंत्र्य अबाधित ठेवणारी, लिंगभावाविषयी संवेदनशील व्यवस्था हवी, असं त्याचं सार आहे. त्यावर आधारलेल्या आयोगाच्या 2015 च्या नियमांत अंतर्गत तक्रार समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, नव्वद दिवसांत चौकशी आणि वसतिगृहात मुलींसाठी भेदभावाचे नियम न करण्याची सूचना आहे. काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, याची दखलही या नियमांत घेतली गेली.

कागदावरची रचना आणि प्रत्यक्ष विश्वास यांतलं अंतर 2017 मध्ये उघड झालं. शैक्षणिक क्षेत्रातल्या कथित छळ करणाऱ्यांची नावं समाजमाध्यमांवर प्रसिद्ध झाली आणि स्त्रीवादी अभ्यासकांतच मतभेद झाले. एका गटाने म्हटलं की निनावी आरोपांमुळे न्याय्य चौकशीची प्रक्रियाच कमकुवत होते. दुसऱ्या गटाने म्हटलं की त्या प्रक्रियेने आजवर विद्यार्थिनींना न्याय दिला असता, तर ही वेळ आली नसती. समित्यांची रचना तपासणारे अहवाल आहेत. मात्र तक्रार केल्यानंतर विद्यार्थिनीचं पुढचं शिक्षण कसं झालं, ती त्याच मार्गदर्शकाकडे राहिली की तिने विद्यापीठ सोडलं, याचा पद्धतशीर मागोवा घेतला गेलेला नाही.

कोणत्या मुलीचा अनुभव?

‘मुलगी’ असं एकच नाव वापरलं की फरक झाकले जातात, ही टीका महाराष्ट्रातून सर्वांत ठाशीवपणे आली. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राचं नेतृत्व करणाऱ्या शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरी विचारांच्या आधारे अध्यापनपद्धतीचीच फेरमांडणी केली. वर्गात कोणाच्या अनुभवाला ज्ञान मानलं जातं, कोणाची भाषा ‘शुद्ध’ ठरते, कोणती विद्यार्थिनी गप्प बसते, हे प्रश्न त्यांनी अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. शैलजा पाईक यांनी महाराष्ट्रातल्या दलित स्त्रियांच्या शिक्षणाच्या इतिहासात जात आणि लिंग या दुहेरी भेदभावाचा माग काढला.

राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत निधी सबरवाल आणि सी. एम. मालीश यांनी अनेक राज्यांतल्या संस्थांचा अभ्यास केला. वंचित गटांतले विद्यार्थी मोठ्या संख्येने आत आले, तरी वर्गातलं शिकणं आणि सामाजिक वावर यांत ते वेगळे पडतात, असं त्यातून दिसलं. 2019 मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर आदिवासी समाजातून आलेल्या विद्यार्थिनीच्या अनुभवाची चर्चा सार्वजनिक झाली. त्यांच्या आई आणि हैदराबाद विद्यापीठातले दिवंगत विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई यांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि उच्च शिक्षणसंस्थांमधल्या भेदभावविरोधी नियमांच्या अंमलबजावणीचा प्रश्न तिथे मांडला. जात आणि लिंग यांचे भेद स्वतंत्रपणे मोजावेत की एकत्र, आणि एकत्र मोजायचे तर कसे, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

पदवीच्या पलीकडे

मुलींना शिक्षण पूर्ण करता यावं म्हणून काही पावलं उचलली गेली आहेत. महाराष्ट्र सरकारने जुलै 2024 मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते. तमिळनाडूत 2022 पासून सरकारी शाळेत शिकून महाविद्यालयात गेलेल्या मुलींना दरमहा हजार रुपये मिळतात. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत दिली आहे.

पण विज्ञान पदवीधरांत मुली बहुसंख्य असल्या, तरी देशातल्या संशोधकांत स्त्रिया पाचांत एकीच्या आसपासच आहेत. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग 2017-18 च्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. यातला मोठा भाग ग्रामीण आणि स्वयंरोजगारातला आहे. म्हणून या वाढीचं श्रेय उच्च शिक्षणाला किती द्यायचं, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते योग्य नोकऱ्याच कमी आहेत. काहींच्या मते घरकामाची आणि मुलांची जबाबदारी हा खरा अडसर आहे.

काय शोधायचं राहिलं

चार कामं सर्वांत निकडीची वाटतात. पहिलं, एकाच तुकडीतल्या मुलामुलींचा प्रवेशापासून पदवीनंतरच्या पाच वर्षांपर्यंत माग ठेवणारा अभ्यास, तोही विद्यापीठ विभागांबरोबर तालुक्याच्या महाविद्यालयांत. आजवरचं बरंच संशोधन दिल्ली, मुंबई आणि आयआयटी यांभोवती फिरतं, आणि बहुसंख्य मुली शिकतात त्या संलग्न महाविद्यालयांकडे त्याचं लक्ष कमी आहे. दुसरं, शुल्कमाफी आणि बससवलत यांसारख्या योजनांचं स्वतंत्र मूल्यमापन. तिसरं, तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा अनुभव. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्यांच्या ओळखीला मान्यता दिली, पण उच्च शिक्षणाच्या संशोधनात ते अजून जवळजवळ अदृश्य आहेत. चौथं, मुलांचा अनुभव. काही शाखांत मुलगे मागे पडत आहेत का, लवकर कमावण्याच्या दबावाने ते शिक्षण सोडतात का, हे तपासल्याशिवाय लिंगभावाचं चित्र पुरं होणार नाही.

गेल्या पन्नास वर्षांत अभ्यासकांनी प्रवेशाच्या दारापाशी उभं राहून मोजणी केली, आणि ती आवश्यक होती. त्या मोजणीमुळेच सरकारांना धोरणं आखता आली. संशोधनाची पुढची पिढी वर्गात, वसतिगृहात, बसथांब्यावर आणि पहिल्या नोकरीत मुलीच्या बरोबर जाणारी असायला हवी. मुली आता महाविद्यालयापर्यंत पोचल्या आहेत. तिथे त्यांचं शिक्षण किती पूर्ण होतं, हे मोजण्याची जबाबदारी आता संशोधकांची आणि त्यांना निधी देणाऱ्या संस्थांची आहे.